दिवाळीचं बॅरिकेड भाऊबीजेनंतर उचलूच नका

संपादक साहेब, नमस्कार.

दरवर्षी दिवाळी तोंडावर आली की पेपरात एक चौकट येते, नाशिकच्या मेन रोड परिसरात वाहनांना प्रवेशबंदी, धुमाळ पॉइंट, सांगली बँक सिग्नल, गाडगे महाराज पुतळा इथं बॅरिकेड, पार्किंग अमुक मैदानावर, पर्यायी मार्ग तमुक. लोक वाचतात, दोन दिवस कुरकुर करतात, मग गाडी लांब कुठेतरी लावून पायी गावात येतात आणि दोन्ही हातात पिशव्या घेऊन घरी जातात. भाऊबीज झाली की बॅरिकेड टेम्पोत भरून नेतात आणि दुसऱ्या दिवसापासून मेन रोडवर पुन्हा तोच हॉर्न, तीच रिव्हर्स, तेच "ओ काकू, जरा सरका". माझं म्हणणं एवढंच की ते बॅरिकेड उचलूच नका. निदान चारचाकीसाठी तरी नकाच.

हे मी गिऱ्हाईक म्हणून लिहीत नाहीये, दुकानदार म्हणून लिहितेय. आधीच सांगते कारण आपल्याकडे असा एक समज आहे की गाड्या बंद करा म्हणणारे सगळे गंगापूर रोडला राहणारे, सकाळी सायकलवर फिरणारे लोक, त्यांना गावातल्या धंद्याचं काय कळणार. आमचं मॅचिंगचं दुकान आहे, अस्तर, फॉल, लेस, ब्लाउजपीस असलं सगळं, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं, आणि दुपारपासून गल्ल्यावर मीच असते. त्यामुळे रस्त्यावर काय चालतं ते मला बघायला कुठे जावं लागत नाही, समोरच असतं.

आता मुद्दा. गाड्या बंद करायचा विषय काढला की आमच्या व्यापारी मंडळींचं पहिलं वाक्य ठरलेलं, धंदा बसेल. बरं, मग मला कोणीतरी सांगा की वर्षातला सगळ्यात जास्त गल्ला कधी होतो? वसुबारसेच्या आधीपासून पाडव्यापर्यंत. आणि रस्ता कधी बंद असतो? तेव्हाच. म्हणजे ज्या दिवसांत गाडी आत येत नाही त्याच दिवसांत आम्हाला डबा खायला वेळ मिळत नाही, आणि तरी आम्ही म्हणायचं की गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. यावर लगेच उत्तर येतं की अहो दिवाळीला लोक येणारच, रस्ता बंद असो नाहीतर चालू. मान्य, दिवाळीची गोष्ट वेगळी. पण मग एवढं तरी सिद्ध झालं ना की भालेकर मैदानापासून मेन रोडपर्यंत चालल्यानं नाशिककराच्या पायाला काही होत नाही? जो माणूस ऑक्टोबरमध्ये तेवढं चालतो तो फेब्रुवारीत का चालणार नाही, उलट तेव्हा गर्दी पण कमी असते.

आणि आमच्याकडे रोज येतं कोण ते बघा. दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, सिन्नरकडून बायका एसटीनं सीबीएसला नाहीतर निमाणीला उतरतात आणि तिथून पायी नाहीतर शेअर रिक्षानं येतात. बुधवारी गोदाघाटावरचा बाजार असतो, तो करून वर येतात. सिटीलिंकच्या बसनं शालिमारला उतरणाऱ्या कॉलेजच्या मुली, पंचवटीतून होळकर पूल ओलांडून चालत येणाऱ्या, आणि अ‍ॅक्टिवावाल्या, हे आमचं गिऱ्हाईक. पन्नास रुपयांचं अस्तर आणि वीस रुपयांचा फॉल घ्यायला कोणी चारचाकी काढत नाही हो. चारचाकीवाला जो आहे तो आधीच कॉलेज रोडला नाहीतर मॉलला गेलाय, उरलेला मोबाइलवर ऑर्डर करतो. त्यातून एखादा येतोच, गाडी घेऊन शालिमारकडून वळतो, जागा शोधत पुढे जातो, मिळत नाही, पुन्हा फिरून येतो, तोपर्यंत मागे दहा गाड्या हॉर्न मारतायत, शेवटी बायकोला उतरवतो आणि म्हणतो तू पटकन घेऊन ये मी फिरतो. आता मॅचिंग पटकन होतं का? साडी उजेडात धरावी लागते, चार शेड काढाव्या लागतात, त्यात दर दोन मिनिटांनी फोन, झालं का, झालं का. ती बाई वैतागून एकच ब्लाउजपीस घेऊन जाते, जिला चार घ्यायचे होते.

लग्नसराईतला बस्ता मात्र खरा अडचणीचा विषय आहे, तो टाळून चालणार नाही. बस्ता बांधायला अख्खं खटलं येतं, क्रुझर भरून, आजीपासून नातवापर्यंत, आणि जाताना गठ्ठे असतात. त्यांना सांगायचं की गाडी लांब लावा आणि गठ्ठे डोक्यावर न्या, तर ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातील. पण याचं उत्तर गावात आधीपासून आहे, हातगाडी. माल गोडाऊनमधून दुकानात हमालाच्या हातगाडीवरच येतो, मग दुकानातून गिऱ्हाइकाच्या गाडीपर्यंत जायला काय हरकत आहे? एवढ्या मोठ्या खरेदीवर दुकानदारानं शंभर रुपये हमाली दिली तर तो काही रस्त्यावर येत नाही. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीवरची छोटी गाडी, शालिमार, धुमाळ पॉइंट, गाडगे महाराज पुतळा अशी फिरती ठेवा, दहा रुपये तिकीट लावा, लोक देतील.

जागेचा हिशोब कोणी करत नाही तो मी करते. जुन्या नाशकात दुकानाचा गाळा म्हणजे आठ-दहा फूट रुंद. छोटी कार जरी घेतली, चार मीटरच्या आतली, जिला टॅक्स कमी लागतो, तरी ती तेरा फूट भरते. म्हणजे एक गाडी लागली की एक अख्खं दुकान झाकलं जातं आणि शेजारच्याचा पण थोडा भाग जातो. समोरून जाणाऱ्याला काचेतली साडी दिसत नाही, गाडीचं छप्पर दिसतं. आणि या गाडीतून किती गिऱ्हाईकं आली? बहुतेक वेळा शून्य.

शून्य का, तर ती गाडी कोणाची असते ते बघा ना. सकाळी साडेदहाला शटर उघडतं तेव्हा दुकानाला अगदी खेटून जी गाडी लागते ती मालकाची असते. त्याच्या मागे कामावरच्या मुलांच्या बाइक्स. त्या रात्री नऊला हलतात. दिवसभर तीच जागा अडलेली आणि संध्याकाळी बैठकीत तोच मालक म्हणणार की पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक तुटलं, महापालिका काय करते. मी हे नाव घेऊन बोलू शकत नाही कारण सगळे रोज भेटतात, पण मेन रोडवर कुठल्याही दुपारी चक्कर मारा आणि कुठल्या गाडीवर धूळ बसलीये ते बघा, म्हणजे कळेल कोणती सकाळपासून उभी आहे.

मागच्या लग्नसराईतला एक प्रसंग सांगते. बोहोरपट्टीच्या जवळच्या एका दुकानानं बाहेर लोखंडी रॉडला ओढण्या लटकवलेल्या, लटकवलेल्या म्हणजे चांगल्या दोन फूट रस्त्यात आलेल्या. एक पांढरी मोठी गाडी आली, समोरून टेम्पो, गाडीवाल्यानं डावीकडे घेतली आणि त्याच्या आरशात ओढणी अडकली. त्याला कळलंच नाही, तो पुढे, ओढणी ताणली गेली, मग रॉड वाकला आणि अख्खी लाइन खाली, बांधणी, लेहरिया, सगळं चिखलात. एक आजी तिथं भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, त्यांच्या पायापासून चाक एवढंसं लांब. मग जे सुरू झालं ते तासभर. दुकानदार म्हणतो नुकसान भरून दे, गाडीवाला म्हणतो रस्त्यात माल लावायची परवानगी कोणी दिली, टेम्पोवाला म्हणतो माझा काय संबंध, बाजूचा कटलरीवाला फेरीवाला दोघांना समजावतोय आणि त्याची स्वतःची गाडी रस्त्याच्या मधोमध. सगळे चुकीचे होते आणि सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर पण होतं. आजी कधी निघून गेल्या कोणाला कळलं नाही, त्यांना विचारलं पण नाही कोणी.

यातून एक गोष्ट मात्र मला स्पष्ट दिसते, ती आमची मंडळी उघड बोलत नाहीत. दुकानदाराला खरी भीती गाडीवाल्या गिऱ्हाइकाची नाहीच. भीती आहे फेरीवाल्याची. गाड्या बंद झाल्या की रस्त्याच्या मधली जागा मोकळी होणार आणि दुसऱ्याच दिवशी तिथं ताडपत्री पसरून तीच लेस, तेच ब्लाउजपीस, निम्म्या भावात. आता जी गाडी उभी असते ती एका अर्थानं आमचं कुंपण आहे. ही भीती खोटी नाहीये, माझ्याच दुकानासमोर बसणारा माझ्याकडच्याच वस्तू विकतो, मलाही त्रास होतो. पण म्हणून कार लावून जागा अडवायची हा काही उपाय झाला का? फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे, त्यात समिती आहे, झोन ठरवायची पद्धत आहे, तर ते नीट करा. मेन रोडवर दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा मारा, पट्ट्याच्या आत ठरलेल्या जागेवर ज्याच्याकडे ओळखपत्र आहे तो फेरीवाला बसेल, आणि दुकानदाराचा बाहेर काढलेला माल, ते पुतळे, ते रॉड, हे पण पट्ट्याच्या आतच. फक्त फेरीवाल्याचं सामान उचलायचं आणि दुकानाच्या पुतळ्याला हात लावायचा नाही असं केलंत तर चार दिवसांत सगळं फिसकटेल. मधला भाग बंब जाईल एवढा कायम मोकळा.

बंबाचं मुद्दाम बोलतेय. अग्निशमनचं मुख्य केंद्र शिंगाडा तलावाला, म्हणजे अंतर काहीच नाही. पण गावातल्या जुन्या लाकडी वाड्यात, कापडाच्या गोडाऊनमध्ये आग लागली तर संध्याकाळी सहा वाजता बंब तिथून कानडे मारुती लेनपर्यंत कसा पोचणार ते मला कोणी सांगावं. पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती पडतात तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सचं पण तेच. आणि गल्ल्यांमध्ये माणसं राहतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं, त्यांना मेन रोड म्हणजे फक्त बाजार वाटतो. तिळभांडेश्वर लेन, हुंडीवाला लेन, तिकडे अजून कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना पास द्या, त्यांची गाडी सकाळ-रात्री सोडा, त्यांच्या घरी आजारी माणूस असेल तर कधीही सोडा. पास म्हणजे नंबर लिहिलेला पास, नाहीतर एका वाड्याचे चाळीस पास निघतील आणि त्यातले पस्तीस दुकानदारांकडे असतील, आपल्याकडे काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

दुचाकीचं काय, हा प्रश्न सगळे विचारतील आणि बरोबर विचारतील. नुसत्या कार बंद केल्या तर आठ दिवसांत ती जागा अ‍ॅक्टिवा आणि बुलेट भरून काढतील. माझं मत असं की सुरुवातीला चारचाकी सकाळी दहा ते रात्री नऊ पूर्ण बंद, आणि दुचाकी संध्याकाळी पाच ते नऊ बंद, शनिवार-रविवार दिवसभर बंद. दुकानातल्या लोकांच्या बाइक्स मात्र पहिल्या दिवसापासून बाहेर. त्यांच्यासाठी मैदानावर महिन्याचा पास काढा, आम्ही पैसे भरू, न भरायला काय झालं, जागा फुकट वापरायची सवय लागलीये एवढंच.

बाहेर कुठे काय झालंय ते पण बघू. पुण्यात लक्ष्मी रोडवर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. चांगलं आहे, पण एका दिवसानं कोणाची सवय बदलत नाही, तो इव्हेंट होतो, रांगोळी, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे. दिल्लीत चांदणी चौकानं नीट केलं, लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सगळा पट्टा दुरुस्त करून 2021 मध्ये खुला केला आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी. चांदणी चौक म्हणजे देशातला केवढा मोठा साडीचा आणि लग्नाच्या कपड्यांचा बाजार, तिथले व्यापारी जर त्यात धंदा करू शकतात तर आमचं मेन रोड काय त्यापेक्षा नाजूक आहे का. आणि एवढं लांब तरी कशाला, आपल्या माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यालाच ठेवावी लागते, म्हणून लोक माथेरानला जायचे थांबले का? गाडी जात नाही म्हणूनच जातात.

नाशिकचंच उदाहरण हवं तर विसर्जन मिरवणूक घ्या. वाकडी बारवपासून निघते, गाडगे महाराज पुतळ्याकडून मेन रोडनं धुमाळ पॉइंट, सांगली बँक सिग्नल, एमजी रोड, मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीत. त्या दिवशी सगळा मार्ग बंद असतो, कोणी कोर्टात जात नाही. रंगपंचमीला तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाला भर रस्त्यात रहाड, म्हणजे जमिनीतला जुना रंगाचा हौद, उघडतात, चक्क रस्ता खणून, आणि त्यात उड्या मारायला अख्खं नाशिक लोटतं. म्हणजे रस्ता गाडीशिवाय कसा वापरायचा हे गावाला शिकवायची गरज नाहीये.

आणि 2021 मार्चअखेरचं ते पाच रुपयांचं तिकीट आठवतंय का कोणाला? कोरोनाची दुसरी लाट, बाजारात शिरायचं तर माणशी पाच रुपयांची पावती, एक तासात बाहेर, जास्त थांबलात तर पाचशे दंड. देशभर बातमी झाली होती नाशिकची. आम्ही तेव्हा कपाळावर हात मारला होता, एक तासात काय खरेदी होणार, वर गिऱ्हाइकाला दारातच पावती फाडायची. त्या वेळी साथ होती, ठीक आहे, गरज म्हणून केलं असेल. पण मला त्यातून हे कळलं की प्रशासनानं मनावर घेतलं तर रातोरात बाजाराच्या तोंडांना माणसं उभी करता येतात, बांबू लावता येतात, पावत्या छापता येतात. मग जे माणसांना अडवायला जमलं ते गाड्यांना अडवायला का जमू नये? तेव्हा गिऱ्हाईक मोजलं, आता गाड्या मोजा.

कायद्याची पण अडचण नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115, त्यात रस्त्यावर वाहनांना बंदी घालायचा अधिकार दिलेला आहे. एक महिन्यापर्यंतची बंदी असेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, म्हणून दिवाळीत पटकन होतं. त्यापेक्षा जास्त काळासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. म्हणजे दिवाळीच्या आणि कायमच्या बंदीत फरक एवढाच, एक कागद जास्त. तो काढायची इच्छा हवी.

एक हात जोडून विनंती मात्र आहे. यासाठी रस्ता खोदू नका. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड कसा रखडला ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथल्या दुकानदारांनी तर धूळ खाल्ली. आणि एवढं करून सायकल ट्रॅकवर काय उभं असतं ते संध्याकाळी जाऊन बघा. आमच्या व्यापाऱ्यांना "सुशोभीकरण" हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. आम्हाला दगडी बाक नकोत, डिझाइनचे दिवे नकोत, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. दिवाळीत जे बॅरिकेड असतं तेच द्या, चार पोलीस द्या, आणि पांढरा रंग. कुंभमेळ्यासाठी 2027 च्या आत गावात असंही बरंच खोदलं जाणार आहे, त्यातच हे पण घालून मोठा प्रोजेक्ट केला की संपलं, मग टेंडर, मग कन्सल्टंट, मग प्रेझेंटेशन. निओ मेट्रो 2021 च्या केंद्राच्या बजेटमध्ये 2092 कोटींची आली होती, तिचा खांब कोणी बघितलाय का? तशी गत मेन रोडची नको.

उलट कुंभाच्या आधी हे सुरू केलं तर फायदाच आहे. 2027 च्या पर्वण्यांना या भागात गाड्या बंद ठेवाव्याच लागतील, रामकुंडाकडे उतरणाऱ्या सगळ्या वाटा अरुंद आहेत, 2003 ला सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत माणसं गेली ते विसरलेलं नाही नाशिक. मग ऐनवेळी लोकांवर आदळण्यापेक्षा आतापासून सवय लागू द्या, कुठली गाडी कुठून वळते, कुठल्या मैदानावर किती मावतात, हमाल कुठे उभे राहतात, हे सगळं तोपर्यंत कळून चुकेल.

गाड्या लावायच्या कुठे हा प्रश्न राहतो आणि त्यावर मी फार शहाणपणा करणार नाही. दिवाळीत ज्या मैदानांवर पार्किंग देतात तीच वर्षभर चालू ठेवा, गाडगे महाराज पुलाखालची जागा आहे, कालिदास नाट्यगृहाच्या बाजूची आहे, पण तिथं रात्री लाइट हवी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. हे दुसरं मी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे होतं खरं तर. मेन रोडवर खरेदीला येणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि तीन तास बाजारात फिरणाऱ्या बाईनं जायचं कुठे? आमच्या दुकानात रोज कोणीतरी हळूच विचारतं आणि आमच्याकडे पण नाही. पुरुष मंडळींच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास चर्चा होते, यावर कधी दोन मिनिटं झालेली ऐकली नाहीत. गाड्या गेल्या तर त्या जागेत पहिलं ते बांधा, मग बाकीचं.

सहा महिने करून बघा म्हणतेय मी, तुळशीच्या लग्नापासून अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे लग्नसराई पण त्यात येईल आणि कोणाला म्हणायला नको की मंदीच्या दिवसांत करून बघितलं. जीएसटीचे आकडे आम्ही भरतोच दर महिन्याला, कागदावर दिसेल धंदा बसला की उठला. बसला तर मी स्वतः बॅरिकेड काढा म्हणून सही करीन.

आणि वेळ ठरवताना कृपया आम्हाला विचारा. सुरतेचा, भिवंडीचा माल रात्री निघून सकाळी येतो, टेम्पो खाली व्हायला वेळ लागतो. माल उतरवायला सकाळी दहापर्यंतच मुभा ठेवा, अकरा ठेवलीत तर टेम्पो बारापर्यंत रेंगाळणार हे मी लिहून देते. रात्री मात्र नऊ म्हणजे नऊला रस्ता उघडा. दुकानांमधून काम करणाऱ्या मुली नऊ-सव्वानऊला सुटतात, सिडको, सातपूर, नाशिक रोड असं लांब लांब राहतात, त्यांना रिक्षा धुमाळ पॉइंटला न जाता दुकानासमोर मिळाली पाहिजे.

आपली,
एक दुकानदार, मेन रोड, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती, शेजारच्यांची गाडी रोज माझ्याच दुकानापुढे असते.)